समोरून सायकल आली की हात करायचा, मान हलवायची की घंटी वाजवायची?

प्रश्न: हायब्रीड_आणि_मी

सकाळी साडेपाच ते आठ या वेळात पुण्यातून खडकवासल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि नदीकाठच्या, फूटपाथला चिकटलेल्या सायकल ट्रॅकवर सगळ्या जातीच्या सायकली एकत्र असतात. खाली वळलेल्या ड्रॉप हँडलवाल्यांचे आठ-दहा जणांचे घोळके, जाड टायरच्या एमटीबी (डोंगरी सायकली), काळ्या सायकलवर दुधाचे कॅन, पेपर टाकणारी मुलं, रात्रपाळी संपवून घरी निघालेले वॉचमन, ई-सायकली. शिवाय चालणारे काका-काकू.

यात कोणी कोणाला नमस्कार करायचा, याचे काही संकेत आहेत का? नेमके प्रश्न असे:

१) समोरून येणाऱ्याला हात केला तर काहीजण बघतही नाहीत. हा शिष्टपणा समजायचा का?
२) मागून ओलांडताना घंटी वाजवली की लोक चिडतात, नाही वाजवली तर दचकतात. मधला मार्ग काय?
३) घोळक्यातल्या प्रत्येकाला नमस्कार करायचा की एकालाच?
४) रस्त्याकडेला सायकल उलटी करून बसलेला दिसला, तर काय विचारायचं आणि खरोखर काय मदत करता येते?

हायब्रीड (रोड सायकल आणि एमटीबीच्या मधली) चालवतो, वेग ताशी साधारण १८ ते २० किलोमीटर.

---

चेनरिंग_५०_३४

पहिल्याचं उत्तर आधी गणितात बघा. तुम्ही १८ ने जाताय, समोरचा ३० ने येतोय. म्हणजे दोघांमधलं अंतर सेकंदाला १३ मीटरने कमी होतंय. माणसाचा चेहरा नीट ओळखू येतो तो चाळीसेक मीटरवर. तेव्हापासून तो तुमच्या शेजारून जाईपर्यंत तीन सेकंद. त्या तीन सेकंदांत त्याची नजर पुढच्या दहा-पंधरा मीटरच्या डांबरावर असते, कारण त्याच्या २५ मिलिमीटरच्या टायरला पावसाळ्यानंतरचा कुठलाही खड्डा पुरतो. तुमचा हात त्याला दिसलेलाच नसतो. दिसला तरी उत्तर द्यायच्या आत तुम्ही मागे पडलेले असता.

त्यामुळे रोडवाल्यांचा, म्हणजे ड्रॉप हँडलवाल्यांचा, नमस्कार आखूड झालाय. अंगठा आणि तळहात ब्रेकच्या हुडवरच (लिव्हरच्या रबरी मुठीवर) राहतात, फक्त तर्जनी आणि मधलं बोट वर उचलायचं. बस्स. लांबून बघणाऱ्याला माशी हाकलली असं वाटतं, पण तोच नमस्कार असतो. उत्तर म्हणून हनुवटी जरा खाली केली तरी पोचतं.

पूर्ण हात वर करू नका. आपल्याकडे डावीकडून चालवतात, म्हणून समोरच्याच्या बाजूला तुमचा उजवा हात येतो. तो बाहेर काढला की मागच्याला वाटतं तुम्ही उजवीकडे वळताय. तळहात मागे दाखवलात तर घोळक्यात त्याचा अर्थ ‘थांबा’. चौकाच्या आधी पन्नास मीटर आणि चौकात, हाताने कोणालाही नमस्कार नाही, मान हलवायची.

आणखी एक. आपला पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते बघून घ्या. काही सायकलींना तो उजवीकडे असतो, काहींना डावीकडे. नमस्कारासाठी नेमका तोच हात सुटला आणि समोर कुत्रं आलं, तर नुसत्या मागच्या ब्रेकवर थांबायला जवळजवळ दुप्पट अंतर लागतं. चाक घसरतं ते वेगळंच.

घाट उतरताना नमस्कार पूर्ण बंद. सिंहगड असो, बोपदेव असो, दोन्ही हात ड्रॉपवर (हँडलच्या खालच्या वळणावर) आणि बोटं ब्रेकवर. उतरणाऱ्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवूच नये. चढणाऱ्याकडूनही नको, त्याचा श्वास त्याला पुरत नसतो. चढणाऱ्याला ओलांडताना ‘चला चला’ ठीक. ‘झालंच आता, दोनच वळणं’ हे मात्र खरोखर दोनच उरली असतील तरच.

---

सरळ_हँडल

वरचं सगळं मान्य, पण ते सायकलिस्टांनी सायकलिस्टांसाठी लिहिलंय. मराठीत ‘सायकलिस्ट’ आणि ‘सायकलवाला’ असे दोन शब्द पडलेत आणि नमस्काराचा सगळा घोळ तिथेच आहे. हेल्मेट बघून बोटं उचलायची आणि दूधवाल्याच्या शेजारून वाऱ्यासारखं निघून जायचं, हे रोज दिसतं. रस्ता त्याचा जुना आहे हो.

दूधवाल्याची सायकल एकदा जवळून बघा. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवलेले, हँडललाही एखादी किटली किंवा पिशवी. दूध निम्मं झालं की ते कॅनमध्ये हिंदकळतं आणि प्रत्येक हिंदकळ्याला हँडल डावीकडे-उजवीकडे ओढलं जातं. ब्रेक दांड्यांचे. रबर रिमला खालून लागतं आणि ओल्या रिमवर ते जवळजवळ लागतच नाही. तो हँडलवरून हात काढू शकत नाही. म्हणून त्याच्याकडून फक्त मान हलते किंवा भुवया वर जातात, क्वचित तोंडाने ‘राम राम’ येतो. पहिला ‘राम राम’ तुमच्याकडून गेला तर उत्तर हमखास येतं. ‘हाय’ म्हणालात तर बहुतेक वेळा तो मागे वळून बघतो, दुसऱ्या कोणाला म्हणालात की काय. आणि मागे वळणं त्याच्या तोलाला वाईट.

त्याला ओलांडताना दीड मीटर तरी जागा सोडा. कॅनमुळे त्याची रुंदी हँडलपेक्षा जास्त असते.

पेपरवाली मुलं वेगळी. ती उजवीकडे-डावीकडे न बघता सोसायटीच्या गेटमध्ये वळतात, कारण नजर पत्त्यांवर आणि एक हात गठ्ठ्यावर. त्यांना नमस्काराची गरज नाही, घंटीची आहे. तीही गेटच्या अलीकडे.

आणि ‘केवढ्याला घेतली?’ हा प्रश्न अपमान समजू नका. गावाकडच्या रस्त्यावर तोच नमस्कार असतो. ‘कुठून आलात, कुठं चाललात’ हाही. उत्तरात पुढच्या गावाचं नाव सांगावं. दोनशे किलोमीटर सांगितलेत तर गप्पा वीस मिनिटं लांबतात.

---

टिंगटिंग

घंटीबद्दल लिहितो, कारण भांडणं तिच्यावरूनच होतात.

घंटी हा नमस्कार नाही. घंटी म्हणजे ‘मी मागून येतोय’, एवढाच निरोप. समोरून येणाऱ्याला नमस्कार म्हणून वाजवली तर तो ‘माझं काय चुकलं’ म्हणून बघतो. लहान मुलं याला अपवाद. त्यांना समोरून वाजवलेली घंटीच हवी असते.

कुठून वाजवायची? चालणारा ताशी ५ ने, तुम्ही १८ ने. फरक १३, म्हणजे सेकंदाला साडेतीन मीटर. वीस मीटर मागून वाजवलीत तर त्याला साडेपाच सेकंद मिळतात: ऐकायला, मागे बघायला, कुठे सरकायचं ते ठरवायला. पाच मीटरवर वाजवलीत तर दीड सेकंद. तेवढ्यात माणूस फक्त दचकतो, आणि दचकलेला माणूस कुठल्याही दिशेला उडी मारतो.

एकदाच, एक ठोका. दोन सेकंद थांबा. काहीच हललं नाही तर दुसरा. सलग ट्रर्रिंग-ट्रर्रिंग-ट्रर्रिंग म्हणजे मराठीत ‘हट बाजूला’, मग तुमच्या मनात काहीही असो.

घंटीचा प्रकारही महत्त्वाचा. काळ्या सायकलच्या मोठ्या घंटीत आत दातेरी चाकं आणि सैल चकत्या असतात. खटका दाबला की त्या फिरून वाटीवर आपटत राहतात. तिचा हळू आवाज निघतच नाही. स्प्रिंगच्या छोट्या हातोडीवाल्या घंटीचा एकच ‘टिंग’ येतो आणि तो हळूहळू विरत जातो. सामायिक ट्रॅकवर हीच चांगली. आवाज बद्द येत असेल तर वाटीला गिअरची किंवा ब्रेकची केबल टेकलेली असते. घंटी थोडी फिरवली की सुटतं. जुन्या घंटीचा खटका अडकत असेल तर वाटी उघडून मधल्या पिनवर तेलाचा एक थेंब. जास्त नको, चकत्यांना धूळ चिकटते.

बसवायची अशी की हँडलवरचा हात न उचलता अंगठा पोचेल. सरळ हँडलला डाव्या मुठीच्या आतल्या बाजूला. ड्रॉप हँडलवाले ती स्टेमजवळ (हँडलला मधे धरणाऱ्या दांड्याजवळ) लावतात आणि मग हुडवरून हात उचलल्याशिवाय पोचत नाही. म्हणूनच ते घंटी न वाजवता ओरडतात.

आता तोंडाने काय म्हणायचं. ‘काका, उजवीकडून!’ हे सगळ्यात चुकीचं वाक्य. काका ‘उजवीकडे’ एवढंच ऐकतात आणि आज्ञाधारकपणे उजवीकडे येतात, थेट चाकापुढे. तुम्ही काय करणार ते सांगूच नका. त्यांनी काय करायचं ते सांगा: ‘काका, असेच चला’ किंवा ‘डावीकडेच राहा’. ओलांडून झाल्यावर ‘धन्यवाद काका’ असं मोठ्याने म्हणा, कारण तोपर्यंत आवाज मागे जायला हवा असतो. कानात इअरफोन असतील तर घंटीही नाही आणि हाकही नाही. चालण्याच्या वेगावर या आणि दीड मीटर लांबून जा. जागा नसेल तर थांबा.

आषाढीच्या दिवसांत दिवे घाटाच्या बाजूला जाणार असाल तर हे सगळं विसरा. ‘माउली, येऊ द्या’ एवढं पुरतं. नमस्कार, घंटी आणि क्षमा तिन्ही त्यात येतात.

---

घोळका_लीडर

प्रश्न ३.

घोळक्याच्या वतीने पहिला नमस्कार करतो. समोरून एकटा येत असेल तर त्यानेही पहिल्यालाच करावा, बाकीच्यांचं लक्ष पुढच्या चाकावर असतं. दोन चाकांमध्ये अर्धा-पाऊण मीटर अंतर असताना मधल्या माणसाने मान वळवून हसावं अशी अपेक्षा करू नका. मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हँडल, आणि चाकाला चाक घासलं की मागचा पडतो. पुढचा नव्हे. पुढच्याला कळतसुद्धा नाही.

ओलांडताना मात्र दोघांनी बोलायचं: पहिल्याने आणि शेवटच्याने. पहिला म्हणतो, ‘नमस्कार, आठ जण आहोत.’ शेवटचा म्हणतो, ‘मी शेवटचा, धन्यवाद.’ नुसता पहिला बोलून गेला तर चालणारा किंवा हळू जाणारा सायकलवाला ‘गेला एकदाचा’ म्हणून परत मधे येतो आणि तिसऱ्या-चौथ्याच्या चाकाखाली सापडतो. घोळक्याच्या बऱ्याचशा टकरी अशाच होतात. ट्रॅक दोन मीटरच्या आतला असेल तर एकामागे एक, आणि वेग वीसच्या खाली. वेग काढायचा असेल तर मोठा रस्ता पडलाय.

एक गोष्ट हायब्रीडवाल्यांसाठी. घोळका तुम्हाला ओलांडून गेला आणि वारा कमी लागतो म्हणून तुम्ही गुपचूप शेवटच्याच्या मागे लागलात, तर ते असभ्य आहे. धोक्याचंही, कारण तुम्ही मागे आहात हे त्याला माहीत नसतं आणि खड्डा दाखवायला तो हात खाली करत नाही. विचारायचं: ‘मागे लागू का?’ नाही कोणी म्हणत नाही. मग एका चाकाएवढं अंतर ठेवा आणि खड्ड्याची खूण तुम्हीही मागे द्या. पुढे यायला सांगितलं तर ‘मी शेवटीच बरा’ म्हणायलाही हरकत नाही.

आणि याच्या उलट, ज्याला ओलांडलंत त्याच्या पुढे जाऊन वेग कमी करू नका. नमस्कार करून पुढे जाऊन पाणी पीत हळू व्हायचं, यापेक्षा न ओलांडलेलं बरं.

---

पहाटपाळी

बाई म्हणून तीन ओळी. पहाटे एकट्या बाईला ओलांडताना बोलणं पंधरा-वीस मीटर मागूनच सुरू करा: ‘ताई, नमस्कार, पुढे जातोय.’ मग खरोखर पुढे जा. नमस्कारानंतर शेजारून तिच्या वेगाने चालवणं, ‘एकट्याच? रोज येता? कुठपर्यंत?’ हे नको. तुम्ही सहज विचारता, पण या तिन्ही उत्तरांतून तिचा रस्ता आणि वेळ कळते. पंक्चर काढत असेल तर पाच-सहा मीटरवर थांबून विचारा. ‘नको’ म्हणाली तर निघा. ‘नाही नाही, द्या इकडे’ म्हणून हातातून पंप घेऊ नका.

---

ब्रेव्हे_६००

रात्रीचं राहिलं.

अंधारात मागून येणारी सायकल आवाज करत नाही आणि सुनसान रस्त्यावर माणूस घाबरतो. तीस मीटरवरून ‘राम राम, सायकल आहे’ अशी हाक द्या. नुसता उजेड मागून आला की लोकांना मोटारसायकल वाटते आणि ते शोल्डरच्या मातीत उतरतात.

दिवा उघडझाप करून नमस्कार करायचा नाही. पुढचा दिवा असा तिरका हवा की उजेडाचा मध्य आठ-दहा मीटरवर रस्त्यावर पडेल. तरीही समोरच्याच्या डोळ्यांवर जात असेल तर दिव्याच्या वरच्या कडेवर तळहात आडवा धरा. ते कुठल्याही हात करण्यापेक्षा मोठं सौजन्य. हेल्मेटवर दिवा असेल तर समोरच्याकडे बघून मान हलवणं म्हणजे त्याला दोन-चार सेकंद आंधळं करणं. तिथे नमस्कार तोंडानेच. मागचा लाल दिवा एकत्र चालवताना स्थिर, लुकलुकता नको.

पिवळं-हिरवं परावर्तक जाकीट घातलेला, बॅगा लावलेला कोणी न थांबता ‘हो हो’ म्हणून गेला तर राग नको. ब्रेव्हेत (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईडमध्ये) २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास, आणि घड्याळ जेवताना-झोपतानाही चालू. त्याला चहा पाजायची इच्छा असेल तर कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या ठिकाणी, पाजा. बाहेरच्यांची मदत तिथेच चालते. रस्त्यात बरोबरच्या सायकलस्वाराने ट्यूब दिली तर चालतं.

---

उट्रेख्टकर

इकडे नेदरलँड्समध्ये शहरातल्या सायकल पथावर कोणी कोणाला नमस्कार करत नाही. हजारो लोक असतात, केला तर नंदीबैल व्हाल. घंटी कायद्याने सक्तीची आहे आणि ती वाजली तर कोणी चिडत नाही, सरकतात. गावाबाहेर रेसिंग सायकलवाले एकमेकांना बोट उचलतात, पण साध्या सायकलवरच्या आजोबांना नाही. म्हणजे वर ‘सरळ_हँडल’ म्हणतात तो रोग इथेही आहे.

घोळक्यांच्या हाका मात्र शिकण्यासारख्या. ‘तेखन’ म्हणजे समोरून कोणी येतंय, ‘आख्तर’ म्हणजे मागून, ‘पालच्ये’ म्हणजे पथाच्या मधोमध खांब. शेवटची पुण्यातल्या ट्रॅकना हवीच, तिथेही सुरुवातीला मधे खांब असतात. ‘खांब!’ चालेल. इथे उजवीकडून चालवतात, त्यामुळे पाहुण्यांनी हाताचे सगळे नियम उलटे धरायचे.

---

सरळ_हँडल

प्रश्न ४ कोणी घेतलाच नाही.

न थांबता ओरडलेलं ‘सगळं ठीक?’ हे विचारणं नव्हे. आधी पेडल थांबवा, वेग दहाच्या खाली आणा, मग विचारा. अंगठा वर आला तर निघा. ‘काय झालंय?’ यापेक्षा ‘पंप हवाय का?’ बरं. माणूस हो-नाही सांगू शकतो.

आता खरी गंमत. रोडवाल्यांना वाटतं आपलं सामान काळ्या सायकलला चालणार नाही. ट्यूब खरंच चालत नाही. पण काळ्या सायकलचा व्हॉल्व्ह जुन्या पद्धतीचा, आत रबरी नळी असलेला, आणि त्याच्या तोंडावर प्रेस्टाचं (रोड सायकलच्या बारीक व्हॉल्व्हचं) पंप बसतं. डोकं पूर्ण आत दाबायचं, खटका लावायचा, भरायचं. जाड नोझलचं, मोटारसायकल-एमटीबीचं पंप मात्र बसत नाही. त्यामुळे दूधवाल्याला मदत करू शकणारा रस्त्यावरचा पहिला माणूस म्हणजे लायक्रातला रोडवाला.

गेजवर विश्वास ठेवू नका. हवा आत जायला रबर उचलावं लागतं, म्हणून गेज ट्यूबमधल्यापेक्षा जास्त दाब दाखवतो. अंगठ्याने टायर दाबून बघा, लोड असेल तर जरा कडकच. छोट्या पंपाने दीडशे-दोनशे झटके लागतील, हात भरून येतो.

---

हायब्रीड_आणि_मी

सगळ्यांचे आभार. व्हॉल्व्हचं नवीनच कळलं. पंक्चर नसून ती रबरी नळीच गेली असेल तर कसं ओळखायचं? आणि ती बरोबर ठेवता येते का?

---

सरळ_हँडल

व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावा. बुडबुडा आला तर नळी गेली, पंक्चर नाही. आटे असलेली गोल नट सोडवा, पिन बाहेर ओढा. पिनच्या खालच्या बाजूला आडवं भोक दिसेल. जुनी नळी तिथे फाटलेली किंवा चिकट झालेली असते, उन्हाने होते. नवीन नळीचा अडीच-तीन सेंटीमीटरचा तुकडा ओला करून खालून चढवा. तो भोक झाकून वरच्या जाड भागापर्यंत गेला पाहिजे. तिथपर्यंत नाही गेला तर नट कितीही आवळा, हवा बुडातून जाते. चढवताना पीळ पडला तरी जाते. मग पिन बसवून नट हातानेच आवळा, पान्याने नको.

सायकलच्या कुठल्याही दुकानात ‘व्हॉल्व्ह ट्यूब’ म्हटलं की मापून देतात. दहा सेंटीमीटर घ्या, तीन-चार वेळा पुरते. सीटखालच्या पिशवीत ठेवताना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. चेनचं तेल लागलं तर आठवड्यात फुगून निकामी होते.